इमारत सांभाळणाऱ्यांची शाळा

महाराष्ट्रात जिथे कुठे सहकाराचा अभ्यास होतो, तिथे पहिल्याच पाठात रॉचडेल येतं. मँचेस्टरजवळचं हे कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या विणकर आणि कारागीर मंडळींनी, सगळे मिळून २८ जण, आठवड्याला थोडी थोडी वर्गणी जमवून टोड लेन नावाच्या गल्लीत पीठ, साखर, लोणी विकायचं दुकान काढलं. तो दिवस होता २१ डिसेंबर १८४४. आधुनिक सहकाराचं वय तिथपासून मोजतात. सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए.च्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा, रॉचडेलची तत्त्वं घडाघडा म्हणून दाखवेल. त्यातलं एक तत्त्व शिक्षणाचं. नफ्यातले अडीच टक्के सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायचे, हा नियम त्या विणकरांनी पहिल्या दहा वर्षांतच घालून घेतला होता.

त्याच रॉचडेलच्या एका वसाहतीत राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २१ डिसेंबर २०२० रोजी वारला. तारीख तीच यावी हा निव्वळ योगायोग, पण तो मनातून जात नाही. अवाबचे आईवडील सुदानहून आलेले. एका बेडरूमच्या त्यांच्या भाड्याच्या घरात भिंतींवर आणि छतावर काळी बुरशी पसरली होती. वडिलांनी पहिली तक्रार केली ती २०१७ मध्ये. त्यावर रंग मारून घ्या, असं उत्तर मिळालं. २०२० मध्ये त्यांनी वकील गाठला आणि रीतसर दावा लावला, तेव्हा घरमालक संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीप्रमाणे दुरुस्तीच अडली. दोन्हीकडच्या वकिलांचं ठरेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. घरी येऊन मुलांची तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविकेनेही संस्थेला कळवलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण झाली आणि निष्कर्ष आला, की बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हे मूल गेलं.

घर एखाद्या हावरट मालकाचं असतं, तर ही गोष्ट समजायला सोपी होती. ते होतं रॉचडेल बरोवाइड हाउसिंग या संस्थेचं. भाडेकरू आणि कर्मचारी दोघेही जिचे सभासद होऊ शकतात अशी ही संस्था, म्हणजे सहकाराच्या जन्मगावातली सहकारी वळणाचीच संस्था. चौकशीत कुणाचं कारस्थान बाहेर आलं नाही. एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर पोचत नव्हती, हे बाहेर आलं. आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते: बुरशी का येते याचा शोध घेण्याऐवजी संस्थेत या कुटुंबाच्या राहणीबद्दल तर्क लढवले गेले. त्यांची आंघोळीची पद्धत, त्यांचा स्वयंपाक. तसं गृहीत धरल्याचं संस्थेने पुढे कबूल केलं.

आता भिंतीकडे बघू. माणूस श्वास घेतो, भात शिजवतो, कपडे वाळत घालतो, आंघोळ करतो. एका कुटुंबाच्या या रोजच्या जगण्यातून काही लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरातल्या हवेत मिसळतं. हे सुदानी कुटुंबाच्या घरात होतं तसं इंग्रज कुटुंबाच्याही होतं आणि सांगलीच्या कुटुंबाच्याही. ही वाफ बाहेर जायला खिडकी, झरोका किंवा चालू पंखा लागतो. तो नसेल तर ती घरातली सर्वांत थंड जागा शोधते. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, खिडकीखालचा पट्टा. तिथे दव धरतं, पृष्ठभाग सतत दमट राहतो आणि बुरशीला तेवढं पुरतं. वरून रंग मारला तरी ओल जागच्या जागीच असते, म्हणून बुरशी रंगातून पुन्हा वर येते. घर बघायला गेलेल्या माणसाला एवढं ठाऊक असेल, तर तो घरात शिरल्यावर माणसांकडे बघत बसत नाही. तो न्हाणीघरातला पंखा चालतो का ते बघतो, भिंतीला हात लावतो, वरच्या मजल्याच्या नळाची चौकशी करतो, खिशातल्या छोट्या यंत्रावर हवेतली आर्द्रता वाचतो. हे ज्ञान दुर्मीळ नाही. घरांच्या व्यवस्थापनाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातही ते शिकवण्यासारखं आहे.

ज्याला कारण शोधता येत नाही, तो दोष देतो. रॉचडेलच्या घरात नेमकं हेच झालं, आणि आपल्याकडच्या सोसायट्यांच्या कार्यालयांतही हेच होतं. घरांशी संबंधित काम करणाऱ्यांनी शिकावं का, शिकून काय मिळतं, हा प्रश्न म्हणून मला पगारवाढीच्या फार पलीकडचा वाटतो.

*

इंग्लंडने या मृत्यूनंतर कायदा केला. त्याची पूर्वतयारी आधीपासून चालू होती. १४ जून २०१७ च्या पहाटे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. धोक्याची सूचना रहिवाशांनी आधीच देऊन ठेवली होती. ती कुणी मनावर घेतली नव्हती. त्या आगीनंतर सरकारी आणि सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांचा कारभार कोण बघतो, त्याला त्यातलं काय कळतं, हा प्रश्न तिथे गंभीरपणे विचारला जाऊ लागला. जुलै २०२३ मध्ये सोशल हाउसिंग रेग्युलेशन ॲक्ट मंजूर झाला. अवाबच्या नावाने ओळखले जाणारे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले: जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, ओल आणि बुरशीची गंभीर तक्रार असेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत पाहणी.

त्याच कायद्यातली दुसरी तरतूद मात्र बातम्यांत फारशी गाजली नाही. या घरांच्या व्यवस्थापनातल्या वरिष्ठ मंडळींना आता ठरावीक पातळीचं शिक्षण सक्तीचं आहे. वरिष्ठ व्यवस्थापकाला शालान्त शिक्षणाच्या वरचा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि त्याच्यावरच्या अधिकाऱ्याला पदविकेच्या तोडीचं शिक्षण. ऑक्टोबर २०२६ ही त्याची सुरुवात, आणि शिक्षण पूर्ण करायला पुढे काही वर्षांची मुदत. सरकारने ही घोषणा केली तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे २५ हजार व्यवस्थापक या अटीखाली येतात. ते ज्या घरांची काळजी वाहतात ती इंग्लंडमध्ये ४० लाखांच्या आसपास आहेत. डॉक्टर, वकील, शिक्षक यांना पदवीशिवाय काम करता येत नाही हे आपण गृहीत धरतो. लाखो माणसांच्या डोक्यावरचं छप्पर ज्याच्या सहीवर अवलंबून असतं, त्याच्यासाठी अशी अट यायला २०२३ उजाडावं लागलं.

आणि हे घडलं त्या देशात, जिथे घर सांभाळणं हे शिकण्याचं काम आहे ही कल्पनाच जन्माला आली होती.

ऑक्टेव्हिया हिल ही त्या कल्पनेची आई. १८६५ च्या सुमाराला जॉन रस्किनने घातलेल्या पैशांतून लंडनच्या मॅरिलबोन भागातली पॅराडाइज प्लेस नावाची काही पडकी घरं तिच्या ताब्यात आली. घातलेल्या पैशावर पाच टक्के सुटले पाहिजेत, ही रस्किनची अट. नाव स्वर्गाचं आणि अवस्था नरकाची, अशी ती घरं. हिलने दर आठवड्याला स्वतः भाडं गोळा करायला जायचा पायंडा पाडला. भाडं वक्तशीर घ्यायचं, दुरुस्ती वक्तशीर करायची. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला ठेवलेली असे. मोडतोड कमी झाली आणि पैसे उरले, तर ते कशावर खर्चायचे हे भाडेकरूंनी सांगायचं. कुणी कपाट मागे, कुणी कपडे धुवायची सोय. घराची निगा आणि भाडेकरूचा फायदा यांची गाठ तिने हिशेबाच्या वहीतच मारून टाकली. माझ्या मते तिच्या सगळ्या कामातली ही सर्वांत हुशार गोष्ट.

काम वाढलं तसं तिला माणसं लागली. तिने बायकांना हाताशी धरलं आणि शिकवलं: जमाखर्च, गटारांची रचना, कायदा, आणि दारात उभं राहून कटकट न करता भाडं मागायची कला. तिच्या हाताखाली तयार झालेल्या बायकांना मागणी येऊ लागली. १८८४ पासून चर्चच्या मालमत्ता बघणाऱ्या मंडळाने दक्षिण लंडनमधल्या आपल्या वस्त्या तिच्याकडे सोपवल्या. ॲमस्टरडॅमहून योहाना तेर म्यूलन तिच्याकडे शिकायला आली आणि परत जाऊन तिने तिथे तेच काम उभं केलं. १९१२ मध्ये हिल गेली. चार वर्षांनी तिच्या परंपरेतल्या बायकांनी घरव्यवस्थापक महिलांची संघटना स्थापली. १९३१ मध्ये नगरपालिकांतल्या अधिकाऱ्यांची वेगळी संस्था निघाली, १९६५ मध्ये दोन्ही प्रवाह एक झाले आणि १९८४ मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली. आजची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाउसिंग ती हीच.

हिलचं सगळंच मला पटत नाही. गरिबाने कसं राहावं हे आपण ठरवायचं, हा तिचा आव आज खटकतो. सरकारने घरं बांधावीत याला तिचा विरोध होता, बायकांना मताधिकार देण्यालाही होता. पण घरभाडं वसूल करणाऱ्याला गटाराचा उतार कळला पाहिजे आणि गटार दुरुस्त करणाऱ्याला घरातली बाई काय म्हणते ते ऐकता आलं पाहिजे, हे तिने जितक्या लवकर ओळखलं तितकं कुणीच ओळखलं नव्हतं. पुढच्या काळात घरांची संख्या वाढली, संस्था अवाढव्य झाल्या, एकाच माणसाने घर पाहून दुरुस्तीपर्यंत निभावून न्यायचं हे काम टेबलाटेबलांत वाटलं गेलं. परीक्षा होत्या, अभ्यासक्रम होते. पण त्या दिल्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

*

मुंबईत हा विचार फार उशिरा आला असं नाही. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यासारखी माणसं १९१३ च्या सुमारास बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशनच्या मार्फत सहकारी घरांचा प्रचार करत होती. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, ती तालमकींच्याच पुढाकाराने. भाडेकरूच भागधारक, आणि इमारत संस्थेच्या मालकीची, अशी तिची घडण. मोजक्या कुटुंबांची, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजाची ती संस्था. तिचा कारभार सुशिक्षित सभासदांनी संध्याकाळी वेळ काढून बघायचा, हे गृहीतच होतं.

ते गृहीत आजही तसंच चालू आहे आणि आजच्या त्रासाचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. कुठे सात बिऱ्हाडांची तीन मजली इमारत, कुठे पाच टॉवर, पोहण्याचा तलाव, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि काही कोटींचं अंदाजपत्रक. अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडणुकीने येतात आणि नोकरीधंदा सांभाळून काम बघतात. रोजचा गाडा ओढतो तो मॅनेजर. आठ-दहा जिन्यांच्या किल्ल्या, पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर, कोणाचा मेंटेनन्स थकलाय, कुणाचं पार्किंगवरून भांडण आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. तो कधी निवृत्त बँक कर्मचारी असतो, कधी बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर असलेला पोरगा, कधी जमाखर्च लिहिता लिहिता या कामात ओढली गेलेली बाई. यांतल्या बहुतेकांना हे काम कुणी शिकवलेलं नसतं. आधीच्या मॅनेजरने जे केलं ते बघून ते करत राहतात.

काही ठिकाणी तेवढं पुरतं. कुठे पुरत नाही ते बघू.

सभासद वारला. त्याने नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव दिलेलं. मुलगा कार्यालयात येतो, मॅनेजर फाइल काढतो आणि सहज म्हणतो, तुमचंच नाव आहे, आता फ्लॅट तुमचा. या एका वाक्याने भावंडांत पंधरा वर्षांचा दावा उभा राहू शकतो. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही यांच्या प्रकरणात सांगितलं, की संस्थेने नामनिर्देशनाप्रमाणे सभासदत्व वर्ग करावं, पण मालकी कुणाची हा प्रश्न वारसांसाठी खुला राहतो. महाराष्ट्राने २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं, त्यात तर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद, असं स्पष्टच आहे. हे ज्याने वाचलंय तो त्या मुलाला चहा देईल, दुःख वाटून घेईल आणि सांगेल, की दादा, तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेऊ, बाकीच्या वारसांची कागदपत्रं घेऊन या. बोलायला तेवढाच वेळ लागतो.

किंवा गळती. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून खालच्याच्या छताला ओल. दोघेही कमिटीकडे बोट दाखवतात, कमिटी मॅनेजरकडे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर खर्च संस्थेचा, आणि फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीतून येत असेल तर संबंधित सभासदांचा, हे आदर्श उपविधींत लिहिलंय. पण पाणी कुठून येतंय हे आधी कळायला हवं. पावसाळ्यातच वाढतं का, की बाराही महिने सारखं आहे, वरचा नळ दोन दिवस बंद ठेवला तर थांबतं का, एवढे साधे प्रश्न ज्याला पडतात तो भांडणाचं रूपांतर तपासणीत करतो. ज्याला पडत नाहीत तो प्लंबर बोलावतो, प्लंबर टाइल फोडतो, आणि शेजारधर्म संपतो.

ही झाली पैशाची आणि मनस्तापाची बाब. काही अज्ञान जीव घेतं.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत मैलाटाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाखांवर नेली. संरक्षक साधनांशिवाय माणूस मैलाटाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. पण कायद्याआधी रसायनशास्त्र येतं. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वाढला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो. झाकण उघडून ठेवलं, वास कमी झाला, आता उतरायला हरकत नाही, असं म्हणणारा माणूस कदाचित त्याच क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यासमोर उभा असतो. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. सोसायटीत त्या दिवशी ठेकेदाराला फोन करणारा, गेटवर नोंद करून घेणारा, टाकीचं झाकण दाखवणारा माणूस कोण असतो? मॅनेजर, नाहीतर सचिव. त्याला हे कुणीतरी शिकवायला नको का? यंत्राने टाकी उपसून देणारी गाडी आल्याशिवाय झाकण उघडणार नाही, असं ठेकेदाराच्या तोंडावर म्हणायचं बळ त्याला कुठून येणार?

घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं दगावली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. कोसळण्याची कारणं आणि जबाबदारी हा न्यायालयाचा प्रांत आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या दिवसापासून मुंबईत कुठेही फ्लॅटचं नूतनीकरण बघितलं की एकच गोष्ट मनात येते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. ती कुठल्या वर्षी झाली, अहवालात कोणते खांब तांबड्या शाईने दाखवले आहेत, कोणत्या फ्लॅटमध्ये सध्या काम चालू आहे, हे तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचणारा माणूस इमारतीत हवा. अहवाल फाइलला लावणारे पुष्कळ असतात. अग्निसुरक्षेचा ब नमुना जानेवारीत आणि जुलैत भरला जातो. तो भरणारे बरेच असतात, पण तळमजल्यावरच्या नळाला दाब किती आहे हे स्वतः उघडून पाहणारे थोडे.

*

आपल्याकडे शिकायची सोय नाही, असं मात्र म्हणता येत नाही. सहकार खात्यातर्फे दरवर्षी मे महिन्यात जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा होते, आणि तिच्याच बरोबर सी.एच.एम.ची, म्हणजे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्राची. पहिली परीक्षा बऱ्याच जणांना माहीत असते, कारण तिच्यातून वाट पुढे जाते: ती पदविका, पदवी आणि सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीचा तीन वर्षांचा अनुभव असला, की प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. दुसरी परीक्षा खास सोसायट्या चालवणाऱ्यांसाठी आहे आणि सोसायट्यांतल्याच लोकांना तिचं नाव माहीत नसतं. जिल्हा हाउसिंग फेडरेशनही कमिटी सदस्यांसाठी आणि मॅनेजरांसाठी शिबिरं घेतात. घरांच्या व्यवहारातल्या एजंटांचं उदाहरण तर ताजं आहे. महारेराने २०२३ मध्ये त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. तेव्हा कुरकुर पुष्कळ झाली, पण वर्षानुवर्षे फ्लॅट दाखवणारी मंडळी वही घेऊन बसली आणि चटईक्षेत्र व बांधीव क्षेत्र यांतला फरक पाठ करून परीक्षेला गेली. घर विकून देणाऱ्याला परीक्षा आहे. पुढची पन्नास वर्षं ते घर सांभाळणाऱ्याला नाही.

कायदाही मुका नाही. सहकार कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणे प्रत्येक संस्थेने सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या शिक्षणाची सोय करायची आहे. आदर्श उपविधींत शिक्षण व प्रशिक्षण निधी आहे: दर सदनिकेमागे महिना दहा रुपये. शंभर घरांच्या सोसायटीत त्याचे वर्षाला बारा हजार होतात. मेंटेनन्सच्या बिलात ही ओळ असते, आपण ती भरतो. वार्षिक सभेत पेंटिंगच्या कोटेशनवर दीड तास वाद होतो. या दहा रुपयांचं पुढे काय झालं, हे विचारणारं कुणी असेल तर मला त्या सभासदाला भेटायला आवडेल.

मॅनेजरने शिकावं, परीक्षा द्यावी, याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही खरे आहेत, म्हणून ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

पहिला अनुभवाचा. वीस वर्षं एका इमारतीत काढलेल्या मॅनेजरला कुठली पाइप कुठे वळते हे नकाशापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं. त्याला पन्नाशीत परीक्षेला बसवणं म्हणजे अपमान, असं त्याला वाटू शकतं. इंग्लंडमध्येही हीच भीती व्यक्त झाली, आणि म्हणून तिथे नोकरी करता करता, कामातल्याच नोंदी दाखवून प्रमाणपत्र मिळवायची वाट ठेवली आहे. अनुभवी माणूस शिकायला बसतो तेव्हा त्याचं आधीचं ज्ञान वाया जात नाही. त्याला ते शब्दांत मांडता येऊ लागतं, आणि शब्दांत मांडता आलं की लेखी देता येतं. लेखी देता आलं की कमिटीच्या सभेत त्याचं म्हणणं इतिवृत्तात जातं. मॅनेजरला सोसायटीत सगळे हाक मारतात, पण त्याचं ऐकत कुणीच नाही. अध्यक्ष बदलला की नोकरी जाण्याची टांगती तलवार. या माणसाने अध्यक्षाच्या मेहुण्याला दिलेलं कंत्राट नियमात बसत नाही असं म्हणायचं, तर त्याच्या पाठीशी काहीतरी हवं. प्रमाणपत्र असलं तर तो निदान दुसऱ्या सोसायटीत जाऊ शकतो. शिक्षणाने मिळणारी ही मोकळीक मला त्यातल्या माहितीइतकीच मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. परीक्षा देऊन माणुसकी येते का? रॉचडेलच्या त्या दारात कमी काय पडलं होतं, ज्ञान की जिव्हाळा? इंग्लंडच्या नव्या नियमांच्या नावातच कसब आणि वर्तन दोन्ही आहेत, म्हणजे त्यांनाही हा प्रश्न पडला असणार. माझं मत असं, की या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. कारण शोधायला शिकलेल्या माणसाला पूर्वग्रहाची गरज कमी पडते. तरी अभ्यासक्रमातून आपोआप सगळं येईल असं मानणंही भाबडेपणाचं. क्लासच्या नोट्स पाठ करून मिळवलेल्या प्रमाणपत्रांचा आपल्याला चांगलाच परिचय आहे. गृहनिर्माणाच्या अभ्यासात म्हणून अर्धा वेळ इमारतीत गेला पाहिजे. गच्चीवर, पंपाच्या खोलीत, आणि ज्याच्या घरात ओल आहे त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याचं सगळं ऐकून घेण्यात.

या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज कुठे आहे ते ठरवायचं झालं, तर माझं बोट उच्चभ्रू टॉवरांकडे जाणार नाही. त्यांना व्यवस्थापन कंपन्या परवडतात. ते जाईल पुनर्वसनाच्या इमारतींकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, चाळीच्या सामाईक गॅलरीतून चाळीस मजली इमारतीत. शंभर वर्षं ज्या घराची निगा सरकारी खात्याकडे होती, त्या घरातली माणसं आता लिफ्ट, बूस्टर पंप, अग्निशमन यंत्रणा आणि सामाईक वीजबिल यांची मालक होत आहेत. सुरुवातीची काही वर्षं देखभालीचा भार त्यांच्यावर नाही, हे चांगलंच आहे. पण ती वर्षं भुर्रकन जातील. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हे आपण १९९५ पासून पाहत आलो आहोत: इमारत मिळाली, सोसायटी नोंदली गेली, पण लिफ्टचा वार्षिक करार काय असतो, सिंकिंग फंड कशाला म्हणतात, पंप जळू नये म्हणून टाकीची पातळी कशी बघायची, हे कुणी शिकवलं नाही. दोन पावसाळ्यांत लिफ्ट बंद, आणि म्हातारी माणसं अकराव्या मजल्यावर अडकलेली. मग लोक म्हणतात, या लोकांना घर सांभाळता येत नाही. रॉचडेलमध्येही हेच म्हटलं गेलं होतं.

वरळीच्या त्या इमारतींत आजच पंचविशीतली पन्नास मुलंमुली निवडावीत. म्हाडाने त्यांना देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हाताखाली ठेवावं, मे महिन्यातल्या सी.एच.एम. परीक्षेची फी भरावी, अभ्यासाला एक खोली द्यावी. देखभाल रहिवाशांच्या अंगावर येईल तेव्हा त्याच इमारतींत राहणारे शिकलेले व्यवस्थापक तयार असतील, आणि त्यांना आपल्याच जिन्यात नोकरीही मिळेल. बाकीच्या सोसायट्यांना एवढंही करावं लागणार नाही. या महिन्याच्या कमिटी सभेत विषयपत्रिकेवर एक विषय वाढवायचा: शिक्षण निधीत किती शिल्लक आहे, आणि आपल्या मॅनेजरला परीक्षेसाठी पगारी रजा किती दिवस द्यायची.